मापाची सुरी

“हिची मूठ बारीक पडती,” म्हणत सगुणाबाईंनी सुरी परत पोत्यावर ठेवली.

रेश्माला काही कळेना. तिच्या हातात तर ती माप घेतल्यासारखी बसली होती. पण नव्या सुनेनं सासूला शहाणपण शिकवायचं नसतं. पौडच्या बाजारात, शारदा लोहारणीच्या पालापुढं, भर गर्दीत तिचं बिंग फुटायची वेळ आली होती.

दोष तिच्या जिभेचा. बघायच्या कार्यक्रमात शंभूचे थोरले चुलते हैबतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले होते, “आमच्यात धरणाचं मासं असत्यात. साफ करता येतंय का?” रेश्माच्या माहेरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नव्हतं. पण समोर शंभू बसला होता. पोह्यांतले शेंगदाणे शेवटी खायला म्हणून बशीच्या कडेला जमवत होता. तो तिला इतका आवडला की तिनं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. “येतं की! डोळे मिटून करते.”

लग्न झालं. हिंजवडीतल्या नोकरीच्या नावाखाली काही रविवार निभावले. पण या रविवारी हैबतराव स्वतः मासे घेऊन येणार होते. शिवाय शेडमध्ये पाळलेले बटेरही आणणार होते. सगळा गोतावळा जमणार आणि सून डोळे मिटून कसं काय करते ते डोळे फाडून बघणार. मासा एक वेळ विळीवर होईल, पण एवढ्याशा पाखराचं पोट उघडायला लहान सुरीच हवी, असं सगुणाबाईंनी जाहीर केलं आणि सुनेला घेऊन त्या बाजारात आल्या.

तयारी म्हणून रेश्मानं मोबाईलवर एक व्हिडिओ लावला होता. पहिला मासा कापला गेला तेव्हा तिनं गच्च डोळे मिटले. म्हणजे तिच्या थापेतला तेवढा भाग तरी खरा ठरला होता.

“आई, ही बघा ना!” तिनं लाल मुठीची एक सुरी उचलली. “मिटतेसुद्धा!”

“मिटणारी न्हाई घ्यायची. खाचंत घाण बसती. मग कितीबी धुवा, वास जात न्हाई म्हणं.”

“मग ही?”

“पातं लांब हाय गं. आत पित्त फुटलं की सगळं कडूजहर होतं म्हणं.”

प्रत्येक वाक्याला शेपटीसारखं ते ‘म्हणं’. केवढी नम्र बाई! सगुणाबाईंच्या घरच्या माशाचं नाव पार भरे गावापर्यंत होतं. खायला बसलेल्याच्या दाताखाली कधी एक खवला आला नव्हता. अशा बाईपुढं आपण थाप मारून उभ्या आहोत, या विचारानं रेश्माला रडू यायला लागलं. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी हसूही यायला लागलं. ओठ दाबले तर ते नाकातून बाहेर पडायला बघत होतं.

शेवटी शारदानं पोत्याच्या तळातून एक सुरी काढली. पातं चार बोटांचं, टोकाशी किंचित वर वळलेलं, मुठीत पक्कं ठोकलेलं. मूठ चांगली जाडजूड.

“हां, ही!” सगुणाबाईंचा चेहरा खुलला.

रेश्माच्या बोटांत ती मूठ मावेचना.

“चालवून बघा की वैनी,” शारदा म्हणाली. तिनं शेजारच्या मासेवालीची एक चिलापी उचलून फळीवर आदळली. “डोळं मिटून करता म्हणं तुमी. हैबततात्या सगळ्या बाजाराला सांगत व्हते.”

झालं! वांगी घ्यायला आलेली माणसं वांगी सोडून इकडं वळली. रेश्मानं मासा धरला. तो गार, बुळबुळीत अंगाचा स्पर्श झाला मात्र, तिचे डोळे आपोआप मिटले. तिनं सुरी टेकवली आणि जोर लावला. डोळे उघडले तेव्हा फळीवर मासा नव्हता. तो समोरच्या वांग्यांच्या ढिगात जाऊन पडला होता आणि वांगीवाला आकाशाकडं बघत होता.

बाजार खदखदून हसला. रेश्माचाही बांध फुटला. हसता हसता तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

“आई, मला नाही येत! खोटं बोलले मी. आयुष्यात कधी मासा हातात धरला नाही!”

सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. रेश्माचं हसू जागच्या जागी गोठलं. संपलं, आता ही बाई भर बाजारात रडणार आणि मला परत माहेरी धाडणार, असं तिच्या मनात आलं. सगुणाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत पालाच्या मागं नेलं. तिथं त्यांनी पदर बाजूला केला. बाई हसून हसून बेजार झाल्या होत्या.

“हळू बोल की बये! तू डोळं मिटून म्हणालीस तवाच मी वळखलं. डोळं मिटून मासा कोण कापतंय? मी बी या घरात आशीच थाप मारून आले. साफ करतोय तुजा सासरा, गोठ्याच्या मागं बसून. नाव मातुर माजं झालंय!”

रेश्मानं हातातली जाडजूड मूठ वर धरली. “मग... ही सुरी?”

“शंभूच्या पंजाच्या मापाची हाय. मगासधरनं तेच तर बघतीया.”

“अहो, पण शंभूला तरी कुठं येतंय?”

“शिकंल की,” सगुणाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “लग्नात त्याच्या बापाला तरी कुटं येत व्हतं?”