खुललेला आवाज

ग्वाल्हेरमधली दौलतगंजची आणि हरिशंकरपुरमची, अशी दोन मराठी भजनी मंडळं एक झाली आणि महिपतराव नव्या मंडळाचे अध्यक्ष होऊन बसले. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये आपल्या जोडीने दौलतगंजच्या तुकोजींनीही गावं, हे त्यांना मुळीच रुचलं नव्हतं.

मंडळाचं रेकॉर्डिंग सांभाळणारा मधुसूदन मिक्सिंगला पुण्याला पाठवायचे ट्रॅक साफ करत होता. महिपतराव येऊन शेजारी टेकले आणि म्हणाले, "दोघांचे आवाज वेगवेगळे ऐकव."

पहिलाच आवाज सुरू झाला आणि त्यांनी नाक मुरडलं.

"हाच तो तुकोजी. नुसता नाकात रेकतोय. दौलतगंजवाल्यांना सूर कधी कळला होता? हटा दो इसको. दुसरा तेवढा ठेव."

मधुसूदनने स्क्रीनकडे पाहिलं. वाजत असलेल्या ट्रॅकवर महिपतरावांचंच नाव होतं.

"काका, एकदा नीट ऐकून तर घ्या."

"ऐकायचं काय त्यात? असल्या माणसाला मी मंडळाच्या दारातही उभा करणार नाही."

तुकोजींना हा माणूस चारचौघांत कसं बोलायचा, ते मधुसूदनने पाहिलं होतं. सांगितला तो ट्रॅक त्याने काढला आणि बाकीचे पाठवून दिले.

मिक्स होऊन आलेलं भजन मंडळात सगळ्यांसमोर वाजलं. एकट्या तुकोजींचा आवाज खोलीभर घुमला.

महिपतरावांनी डोळे मिटून मान डोलावली. "बघा, तो मध्ये नसला की माझा आवाज कसा खुलतो."