पाटी रंगवणारा

परदेशी मालकाच्या दुकानाबाहेर सगळ्यात मोठ्याने ओरडत होती पेंटरची पोरगी. “आमच्याच बाजारात आम्हालाच बंदी?” दारावरच्या परक्या भाषेतल्या पाटीचा अर्थ आज कळला: ‘इथल्या लोकांना प्रवेश नाही.’ झालं, अख्खा बाजार पेटला. पण मालक शटर ओढून पसार झालेला. हात शिवशिवत होते, मारायला माणूस सापडेना. तेवढ्यात खाटकाने पाटीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हा बघा घरभेदी! रंगवणाऱ्याने नंबर टाकलाय.” नंबर तिच्या बाबांचा होता. बाबांना ती भाषा कुठे येत होती? कागदावरची अक्षरं ते चित्रासारखी उतरवायचे. तोवर खाटकाने नंबर फिरवून स्पीकर चालू केला. “बाबा, ठेवा फोन!” एवढंही तिला आता ओरडता येईना. स्पीकरवर बाबांचा खुललेला आवाज आला: “पाटी बघून फोन केलात? वा! पत्ता लिहून घ्या, साहेब. मी घरीच आहे.”