तळ्यातून निघालेला माग

लातूर जिल्हा नवा झाला, पण रेणापूरकडं पाऊस काही फिरकला नाही. राखीव रानातल्या तळ्यात गुडघाभर पाणी उरलं, अन् तेवढ्याशा पाण्यात दोन धडधाकट माणसं बुडून मेली. चौकशी वनरक्षक शिवमूर्तीच्या गळ्यात पडली.

माग काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण दोन्ही वेळा मयताची पावलं तळ्यातून निघून मयताच्याच घराकडं गेलेली दिसली. तळ्यात जाणारं पाऊल एकही नव्हतं.

"तळं बंद करा," तो सरपंचाला म्हणाला.

"मग गावानं थुंकी गिळावी का, जंगलसाहेब?"

आज दुपारी पुन्हा ताजा माग दिसला. बुटाचे ठसे होते, डावी टाच झिजलेली. शिवमूर्तीनं शेजारी आपली टाच टेकवली. ठसा तोच उमटला. आज तर तो पाण्यात उतरलाच नव्हता.

घरी बायको रत्नम्मा एकटी होती. तो धावतच सुटला. दाराशी पोचला, तोच आतून तिचा आवाज आला.

"अवो, लिंगपूजा केल्याबिगर घोटभर पाणी न घेणारे तुम्ही, आज सरळ ताटावर बसलाव?"

शिवमूर्तीनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत गच्च धरलं. आत कुणीतरी भाकर मोडली.