स्वच्छ आलं की सांगा

चंद्राच्या पलीकडच्या बाजूला तेरा नंबरच्या चौकीत विश्राम ओगले एकटेच असत. अकरा महिने त्यांचा रेडिओ नुसता खरखरत होता. रेडिओवरचा प्रत्येक आवाज सेकंदाला हजार वेळा फ्रिक्वेन्सी बदलत उड्या मारत जायचा. उड्यांचा क्रम ज्याच्याकडे नाही, त्याला फक्त खरखर. ओगल्यांकडचा जुना क्रम मुख्य तळाने तेव्हाच रद्द केला होता. नव्या क्रमाची चकती घेऊन गाडी आज आली, तीही चालकाशिवाय.

ओगल्यांनी चकती आत सरकवली. खरखर एकदम थांबली.

"तेरा नंबर? मुख्य तळावरून चित्रलेखा बोलतेय. काका, आवाज स्वच्छ येतोय ना? येत असेल तर चाचणी संपली, मी पुढच्या चौकीकडे वळते."

तिच्या मागे कुणीतरी खोकलं. कपबशी वाजली. ओगले ऐकत राहिले.

"काका?"

"नाही," ते घाईघाईने म्हणाले. "स्वच्छ नाही येत."

क्रम अचूक जुळल्याचं तिला समोरच्या पडद्यावर दिसत असणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मग पलीकडून खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"बरं काका," ती म्हणाली, "मग मी बोलत राहते. स्वच्छ आलं की सांगा."