खडकूच्या तोंडावरचा रुमाल

दाराबाहेर कौस्तुभ येऊन उभा राहिला, तेव्हा टीव्हीवर एक गाढव घोड्यावर बसून वाळवंटात निघालं होतं.

यमुनाबाईंनी दोन्हींची दखल घेतली आणि जागच्या हलल्या नाहीत. मुलाची पावलं त्यांना जिन्यातच कळत. दर रविवारी तो विरारहून माणिकपूरला यायचा, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा, बेलकडे बघत उभा राहायचा आणि उतरून जायचा. तो बेल दाबत नसे, त्या कडी काढत नसत. शेजारची मटिल्डा मिस्साच्या प्रार्थनेहून परतताना त्याला वळसा घालून आपल्या घरात शिरे. ती यमुनाबाईंना म्हणे, चर्चमधल्या पुतळ्यालाही माणूस मेणबत्ती लावतो, याला निदान चहा तरी विचार.

गाढवाचं नाव खडकू. मुलांचं हे परदेशी कार्टून मराठीत आलं तेव्हापासून खडकूला आवाज होता तो आत्मारामांचा, म्हणजे यमुनाबाईंच्या यजमानांचा. वाक्याच्या शेवटी खुर्ची ओढल्यासारखी एक खरखर यायची. बाजारात पोरं मागे लागत, काका, एकदा ओरडा ना. काका भाजीची पिशवी खाली ठेवत आणि ओरडत.

पात्राचं तोंड पडद्यावर दिसत असलं, की शब्द ओठांशी जुळवावे लागतात. दिसत नसलं, की मोकळं रान. खडकूची पाठ वळली रे वळली, की आत्माराम त्यात एखादं घरगुती वाक्य सरकवून देत. ‘डाळ भिजत घातलीस का?’ असं गाढव विचारी आणि यमुनाबाई उठून डाळ भिजत घालत. बाकीच्या महाराष्ट्राला वाटे, गोष्टीतच असेल.

मग कौस्तुभला मुलगी सांगून आली. पाहुण्यांनी विचारलं, वडील काय करतात? गाढवाचं नाव न काढता कौस्तुभ खोटंच म्हणाला, बँकेत होते. आत्माराम समोरच बसले होते. “हो, बँकेत,” ते म्हणाले आणि त्यांनी पोहे संपवले. लग्न काही जमलं नाही. आत्माराम मात्र घरात बोलेनासे झाले आणि दिवाळीआधी झोपेतच गेले. तेराव्याला यमुनाबाईंनी मुलाला सांगितलं, चारचौघांत बापाला बाप म्हणता येईल तेव्हा ये. तोवर दाराला कडी.

आजचा भाग खास होता. खडकू अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेत फौजदार झाला होता. छातीवर तारा, कमरेला पिस्तूल, डोक्यावर कान बाहेर काढायला भोकं पाडलेली हॅट. गाढवाने घोड्यावर बसावं याचं तिकडच्या लेखकांना काही वाटलेलं दिसत नव्हतं. आवाज भरले होते ते आत्माराम गेल्यानंतर. नवा माणूस स्वच्छ, शुद्ध बोलत होता. बातम्या दिल्यासारखा. यमुनाबाईंनी रिमोट घेऊन त्याला पार बारीक केलं. गाढवाचे ओठ तेवढे हलत राहिले.

खडकू एका गावात शिरला. गावात माणूस नव्हता. वादळ सुटलं होतं, आणि दारूच्या गुत्त्याचं अर्धं दार एकटंच पुढे-मागे होत होतं. धूळ आली तसा खडकूने गळ्यातला लाल रुमाल वर ओढून तोंडावर बांधला. घोडा थांबला. खडकूने हळूच मान वळवली आणि तो सरळ खोलीत बघू लागला. चित्र अडकलं की काय असं वाटावं इतका वेळ.

बाहेर पान हलत नव्हतं. घरातलं कॅलेंडर मात्र भिंतीवर आपटलं.

“यमुने, कडी काढ. पोरगं उभंय.”

टीव्ही बारीक केलेला होता. आवाज बारीक नव्हता. वाक्याच्या शेवटी तीच खुर्ची ओढली गेली.

डाळ भिजत घालायला उठत, तशाच यमुनाबाई उठल्या आणि त्यांनी कडी काढली.

कौस्तुभ जिन्याकडे वळलाच होता. उघडं दार बघून पुढचं काय करायचं ते त्याला सुचेना. इतक्या रविवारांत त्याने तिथवरचीच तयारी केली होती.

“ये आत,” त्या म्हणाल्या. “बापाचा आवाज बरा उचललास. आईशी बोलायला गाढवाचं तोंड लागलं, पण बोललास.”

“कुठला आवाज?”

“तोंडावर रुमाल आल्यावरचा. कडी काढ म्हणालास तो.”

कौस्तुभ बापाच्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. स्टुडिओत गेलो होतो हे खरं, तो म्हणाला. सगळ्यांसमोर सांगितलं, मी आत्मारामांचा मुलगा, खडकू मला द्या. त्यांनी त्याच्याकडून वाचून घेतलं, दोनदा घेतलं, पाणी दिलं आणि खडकू दुसऱ्याला दिला.

“मग तू कोण?”

“घोडा.”

टीव्हीवर वादळ अजून चालूच होतं आणि खडकू अजून इकडेच बघत होता. कौस्तुभने रिमोट उचलून आवाज वाढवला.

“ऐक, आता येईल. या सगळ्या तुकड्यात कोणालाच वाक्य नाही, आई. नुसता वारा आणि मी.”

घोडा खिंकाळला. खिंकाळणं नवशिक्याचं होतं, मध्येच फाटलं, पण त्यात जीव ओतलेला होता. खडकू खोगिरावरून खाली वाकला. त्याने घोड्याची मान थोपटली. रुमाल तोंडावरच होता.

“चांगला ओरडतो,” रुमालाआडून तोच आवाज आला. “बँकेत होता वाटतं.”