दोन दिवस मुरू दे

“आई, मासे काय तळतेस? भिंतीवर पाटी आहे, इथं मासे तळायचे नाहीत म्हणून!”

“मग काढ ती पाटी! डागडुजीवाल्या मेल्यांनी लावली असेल. माझ्या चुलीवर काय तळायचं ते मी बघेन.”

आल्वीजेनं खिडकी उघडली. व्हेनिसमधलं आईचं हे घर त्यानंच चार वर्षांपूर्वी विकलं होतं आणि डागडुजी चाललीय असं सांगून तिला मिलानला आपल्याकडे नेलं होतं. या सुट्टीत पोरींना व्हेनिस दाखवायचं ठरलं, तेव्हा त्यानं मुद्दाम हेच, आता पर्यटकांना भाड्यानं मिळणारं घर दोन रात्रींसाठी घेतलं. पोरी पूल बघून आल्या, नावेत बसून आल्या. म्हातारीनं मात्र उंबरा ओलांडला नाही.

तळलेल्या माशांवर तिनं कांदा आणि व्हिनेगर ओतलं, वर झाकण ठेवलं. “दोन दिवस मुरू दे. मग बघ चव.”

तेवढ्यात सफाईवाली धुतलेल्या चादरी घेऊन दारात आली. “दहा वाजले हो. पुढचे पाहुणे खाली थांबलेत.”



“पाहुण्यांचं मी बघते,” आई एप्रनला हात पुसत म्हणाली. “आल्वीजे, पोरींना घे आणि तू नीघ रे बाबा आता.”