हिरडीवरची निळी रेघ

डॉक्टरांच्या मासिकात छापून आलेला आपला आ वासलेला फोटो दस्तगीरचाचांनी कल्हईच्या भात्याशेजारी टांगला, तेव्हा समोरचा सायकलवाला पोपट खदाखदा हसला. "नाव नाही, गाव नाही, अन् डोळ्यांवर काळी पट्टी! चोरासारखे दिसताय की, चाचा!"

चाचांचा चेहरा उतरला. वर्षभर ते पोटदुखीनं लोळले होते, ऑपरेशनही ठरलं होतं. शेवटी पाटणकर डॉक्टरबाईंनी, तोवर कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं, "काम काय करता?" मग हिरडीवरची निळी रेघ पाहून त्या म्हणाल्या, "कथलातलं शिसं अंगात भिनलंय." तीच हकीकत त्यांनी फोटोसकट छापली होती.

दुपारी बाईंचा फोन आला. "चाचा, तिकडे विदर्भात एका कल्हईवाल्याचं पोट उघडायला निघाले होते. तिथल्या एका डॉक्टरनं तुमची हकीकत वाचली होती. त्यानं आधी हिरडी पाहिली. ऑपरेशन टळलं, माणूस सुधारतोय."

चाचांनी फोटो पुसला आणि रस्त्यावरून दिसेल असा दारातच टांगला. रविवारच्या बाजाराला तालुक्यातले कल्हईवाले आले. जो सलाम करायला येईल, त्याची हनुवटी चाचा ऐटीत धरायचे.

"सलाम मागनं. आधी आ कर!"